घर आणि पाहुण्यांच्या खोल्या: डब्ल्यूडीएसने जोडलेले अ‍ॅक्सेस पॉइंट आणि एन्क्रिप्शनचा पेच

सुपारीबाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचे जुने घर असून वाडीच्या दुसऱ्या टोकाला पर्यटकांसाठी चार खोल्या बांधलेल्या आहेत. इंटरनेटची जोडणी घरात येते. घर आणि खोल्या यांच्यात साधारण ७० मीटरचे अंतर आहे, मधल्या भागात सुपारी आणि नारळाची झाडे आहेत, आणि घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, दीड फूट जाडीच्या आहेत. घरातल्या राउटरचा सिग्नल पडवी ओलांडताच क्षीण होतो आणि पावसाळ्यात भिंती भिजल्यावर अंगणातही नीट पोहोचत नाही.

एका नातेवाइकांकडून एकाच बनावटीचे दोन जुने अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे) मिळाले आहेत. त्यांत डब्ल्यूडीएस नावाची, म्हणजे दोन अ‍ॅक्सेस पॉइंट केबलशिवाय एकमेकांना जोडण्याची, सोय आहे. दोन्हींमध्ये एकमेकांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाची स्वतःची ओळख-संख्या) भरले आणि चॅनल एकच ठेवला की ते बिनतारी जोडले जातात आणि खोल्यांमध्ये इंटरनेट येते, एवढे करून पाहिले आहे. अडचण एन्क्रिप्शनची, म्हणजे हवेतून जाणारी माहिती कुलूपबंद करण्याची, आहे. साधा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरताना सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-२ ही भक्कम पद्धत दिसते, परंतु डब्ल्यूडीएस निवडल्याबरोबर त्या यादीत ‘काही नाही’ आणि ‘वेप’ (जुनी सुरक्षा पद्धत) हे दोनच पर्याय उरतात. उपकरण जुने असल्यामुळे असे होते, की डब्ल्यूडीएसच्या रचनेतच काही उणीव आहे? आणि पाहुणे वापरणार असलेल्या नेटवर्कसाठी वेप ठेवणे कितपत योग्य आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तरंगवेध

उणीव रचनेतच आहे, आणि ती समजून घेतली की पुढचा निर्णय सोपा होतो.

फोन किंवा लॅपटॉप अ‍ॅक्सेस पॉइंटशी बोलतो तेव्हा वाय-फायच्या प्रत्येक फ्रेममध्ये (माहितीच्या तुकड्यात) तीन पत्ते पुरतात, कारण पाठवणारा फोन हाच त्या माहितीचा मूळ मालक असतो. मात्र दोन अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांशी जोडले गेले की मूळ पाठवणारा, अंतिम घेणारा, हवेतून आत्ता पाठवणारा आणि हवेतून आत्ता घेणारा असे चौघे वेगवेगळे होतात आणि चौथ्या पत्त्याची गरज पडते. वाय-फायच्या ८०२.११ या मानकाने अशी चार पत्त्यांची फ्रेम ठरवून दिली, पण तिच्या आधाराने दोन अ‍ॅक्सेस पॉइंटांनी एकमेकांना कसे ओळखावे आणि किल्ली कशी ठरवावी, हे सांगितलेच नाही. प्रत्येक उत्पादकाने आपापल्या परीने डब्ल्यूडीएस बनवले. म्हणूनच वेगवेगळ्या बनावटीची उपकरणे डब्ल्यूडीएसने जुळतील याची खात्री कोणी देत नाही.

आता एन्क्रिप्शन. वेपमध्ये दोन्ही टोकांना एकच कायमची किल्ली हाताने भरलेली असते, त्यामुळे ओळखपाळख न करताही दोन्ही बाजू लगेच बोलू लागतात. डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड थेट वापरला जात नाही. जोडणीच्या वेळी दोन्ही बाजू चार संदेशांची देवाणघेवाण करतात आणि त्या सत्रापुरती नवी किल्ली तयार करतात. या देवाणघेवाणीत एकाने पडताळणी करणारा आणि दुसऱ्याने पडताळून घेणारा व्हावे लागते. फोन आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्यात या भूमिका उघड आहेत, पण दोन समान दर्जाच्या अ‍ॅक्सेस पॉइंटांमध्ये कोणी कोणाची पडताळणी करायची? जुन्या डब्ल्यूडीएसमध्ये जोडणी मागणे आणि देणे हा टप्पाच नाही, केवळ मॅक पत्त्यांची यादी आहे. म्हणून किल्ली ठरवण्याची संधीच येत नाही. काही उत्पादकांनी स्वतःच्या पद्धतीने यातून वाट काढली, परंतु ती पद्धत त्यांच्याच उपकरणांपुरती चालते.

ओटीवरचा

७० मीटरच अंतर आहे, तर केबल का टाकत नाही? इथरनेटच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे.

सुपारीबाग

@ओटीवरचा, विचार केला होता. वाडीतून पाण्याचे पाट गेलेले आहेत, झाडांच्या आळ्यांमध्ये वर्षातून अनेकदा खणणे होते, आणि केबल तुटण्याची भीती आहे. शिवाय पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात आमच्याकडे विजा फार पडतात.

@तरंगवेध, मनःपूर्वक आभार. हा खुलासा मला माहितीपुस्तिकेत कुठेही सापडला नव्हता.

नारळीपौर्णिमा

माझे मत थोडे वेगळे आहे. तुमची वाडी शहरातली इमारत नाही. शेजारचे घर गडग्यापलीकडे लांब आहे, रस्ताही जवळ नाही. तिथे येऊन वेपची किल्ली फोडत बसणार कोण? संरक्षण धोक्याच्या प्रमाणात असावे. ज्याला केवळ चार खोल्यांत इंटरनेट न्यायचे आहे, त्याने चालू स्थितीतली उपकरणे टाकून नवीन खर्च करावा, असे मला वाटत नाही. वेप ठेवा, मॅक पत्त्यांची यादी ठेवा, नेटवर्कचे नाव लपवा. एवढे पुरे.

निरंजना

नारळीपौर्णिमा, प्रमाणाचा मुद्दा तत्त्वतः मान्य आहे, पण वेपच्या बाबतीत तो लागू पडत नाही, असे मला ठामपणे वाटते.

वेपच्या प्रत्येक फ्रेममध्ये किल्लीला जोडला जाणारा बदलता भाग अवघा २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख शक्यतांचा असतो. वर्दळीच्या नेटवर्कवर त्याची पुनरावृत्ती व्हायला फार वेळ लागत नाही. २००१ मध्ये फ्लुरर, मॅन्टिन आणि शमीर यांनी या रचनेतली गंभीर त्रुटी दाखवून दिली, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी १०४ बिटांची वेप किल्ली एका मिनिटाच्या आत निघू शकते हे सिद्ध केले. सुमारे ४०,००० फ्रेम मिळाल्या की किल्ली सापडण्याची शक्यता ५० टक्के होते. त्यासाठी आज विशेष ज्ञान लागत नाही, तयार साधने मोफत मिळतात. मॅक पत्ते तर एन्क्रिप्शन असतानाही हवेतून उघडेच जातात. ते वाचून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता देणे हे अगदी साधे काम आहे. लपवलेले नावही कोणीतरी जोडणी करताना उघड होते.

‘गडग्यापलीकडे कोणी नाही’ या विधानात एक मोठी गोष्ट राहून जाते. धागाकर्त्यांच्या ठिकाणी अनोळखी माणसे आपणहून, पैसे भरून, लॅपटॉप घेऊन मुक्कामालाच येणार आहेत. त्यांतला एखादाच उपद्रवी असला तरी तो रात्रभर सिग्नलच्या आत असेल.

आपल्या महाराष्ट्राने या प्रकाराचे परिणाम पाहिलेले आहेत. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या असुरक्षित वाय-फायवरून गेल्याचे तपासात पुढे आले आणि जोडणी ज्याच्या नावावर होती त्या निरपराध गृहस्थाला चौकशीला सामोरे जावे लागले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय नेटवर्क शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सेवा पुरवठादारांना ग्राहकांची वाय-फाय जोडणी सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या. जोडणी सुपारीबाग यांच्या नावावर आहे. तिच्यावरून काय गेले, हे विचारायला पोलीस त्यांच्याच दारात येतील.

ओटीवरचा

निरंजना यांच्याशी पूर्ण सहमत.

नारळीपौर्णिमा

@निरंजना, मुक्कामी पाहुण्यांचा मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता. तो पटला. मग वेपऐवजी मूळ डब्ल्यूपीए, म्हणजे टीकेआयपी, चालेल का? काही जुन्या उपकरणांत डब्ल्यूडीएसबरोबर तेवढे तरी मिळते, असे पाहिले आहे.

तरंगवेध

टीकेआयपी हा मुळातच तात्पुरता उपाय होता. वेपसाठी बनवलेल्या जुन्या चिपांवर केवळ सॉफ्टवेअर बदलून चालावा, म्हणून तो २००३ मध्ये आणला गेला. २००४ मध्ये ८०२.११आय मानक आले आणि एईएस या भक्कम एन्क्रिप्शनवर आधारलेले डब्ल्यूपीए-२ उपलब्ध झाले. टीकेआयपीवरचा पहिला व्यावहारिक हल्ला २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वेपपेक्षा टीकेआयपी निश्चित बरा, पण नव्याने मांडणी करताना निवडावा असा नाही.

त्यात वेगाचाही संबंध आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. ८०२.११एन पासूनचे वाढीव वेग वेप आणि टीकेआयपीबरोबर वापरायला मानकाचीच परवानगी नाही. म्हणजे उपकरण ३०० मेगाबिटचे असले, तरी सुरक्षेत वेप निवडले की ते ५४ मेगाबिटच्या जुन्या वेगावर उतरते. अनेकांना वाटते की एन्क्रिप्शनमुळे नेटवर्क मंदावते आणि म्हणून ते हलके एन्क्रिप्शन शोधतात. प्रत्यक्षात एईएसचे काम चिपमध्येच होते, आणि वेप निवडणाऱ्याचेच नेटवर्क मंदावते.

खडकमाळ

वेगाचा विषय निघालाच आहे तर डब्ल्यूडीएसची दुसरी मर्यादाही इथे नोंदवतो. एकच रेडिओ असलेले उपकरण एकाच चॅनलवर आधी माहिती ऐकते आणि मग तीच पुन्हा पाठवते. त्यामुळे एका टप्प्याला उपलब्ध वेग साधारण निम्मा होतो. आणखी एक टप्पा वाढवला की तो एकतृतीयांशाच्या आसपास येतो. घराचा अ‍ॅक्सेस पॉइंट, झाडावरचा मधला आणि खोल्यांचा असे तीन एकाच रेडिओवर ओवणे म्हणूनच टाळावे.

यावरचा उपाय दोन रेडिओंचा आहे. ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ केवळ दोन इमारतींमधल्या दुव्यासाठी राखावा आणि पाहुण्यांचे फोन २.४ गिगाहर्ट्झवर घ्यावेत. २०१८ मध्ये आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचे पट्टे मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाल्यापासून हे अगदी सोयीचे झाले आहे. दुव्यासाठी चॅनल १४९ किंवा त्यावरचा निवडावा. ५२ ते १४४ या चॅनलांवर रडार आढळल्यास उपकरणाला जागा सोडावी लागते आणि नव्या चॅनलवर जाण्याआधी किमान एक मिनिट ऐकत थांबावे लागू शकते. तेवढा वेळ पलीकडचे सर्वजण इंटरनेटविना राहतात.

झाडांविषयी मात्र सावध राहावे. दोन अँटेना एकमेकांना दिसल्या म्हणजे काम झाले, असे नसते. त्यांच्यामधल्या रेषेभोवतीचा लांबट गोलाकार भागही बराचसा मोकळा असावा लागतो. ७० मीटरच्या अंतरावर मध्यभागी या भागाची त्रिज्या ५.८ गिगाहर्ट्झसाठी सुमारे ९५ सेंटिमीटर आणि २.४ गिगाहर्ट्झसाठी सुमारे दीड मीटर येते. त्यातला किमान ६० टक्के भाग मोकळा ठेवावा, असा प्रघात आहे. सुपारीची खोडे बारीक असतात आणि झावळ्या वरच असतात. त्यामुळे अँटेना छपरावर चढवण्याऐवजी झावळ्यांच्या खाली, माणसाच्या डोक्यापेक्षा वर, खोडांमधली रांग धरून लावल्यास तुमच्या वाडीत अधिक चांगला मार्ग मिळण्याची शक्यता आहे. ओली पाने ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल मोठ्या प्रमाणात शोषतात, म्हणून चाचणी भर पावसात घ्यावी. वैशाखात घेतलेली चाचणी आषाढात फसवते.

बर्लिनकर

मी इथे एक विरोधी विचार मांडू इच्छितो. बर्लिनमध्ये फ्रायफुंक नावाची नागरिकांची चळवळ एकविसाव्या शतकाच्या अगदी आरंभीपासून चालू आहे. लोक आपापल्या छतांवर राउटर लावतात, ते एकमेकांना बिनतारी जोडले जातात आणि सर्वांसाठी खुले, पासवर्ड नसलेले नेटवर्क उभे राहते. खुल्या नेटवर्कच्या मालकावर इथेही कायदेशीर जबाबदारी येत असे. २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने खासगी वाय-फायचे पासवर्डने संरक्षण करणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले होते. पुढे २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ही जबाबदारी बऱ्याच अंशी दूर झाली. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसने माहिती एन्क्रिप्ट करतात, बँकांची अ‍ॅप स्वतःचे एन्क्रिप्शन करतात. अशा वेळी दुव्याच्या एन्क्रिप्शनवर इतका भर देण्याची खरोखर आवश्यकता आहे का?

निरंजना

बर्लिनकर, ती चळवळ मला अतिशय आदरणीय वाटते. पण तिथे नेटवर्क खुले ठेवण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो आणि घरातली खासगी यंत्रे त्या खुल्या भागापासून वेगळी काढलेली असतात. धागाकर्त्यांच्या मांडणीत घर आणि पाहुणे एकाच नेटवर्कवर येत आहेत. घरातला प्रिंटर, कॅमेरा, राउटरचे व्यवस्थापनाचे पान यांपैकी बऱ्याच गोष्टी आजही एचटीटीपीएसशिवाय चालतात. ज्या संकेतस्थळांना पाहुणा भेट देतो त्यांची नावे डीएनएसच्या (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधण्याच्या) विनंत्यांमधून बहुधा उघडीच जातात.

आणि डब्ल्यूडीएसच्या दुव्याला एन्क्रिप्शन नसेल, तर चोरून ऐकण्याहूनही मोठा धोका आहे. पलीकडच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा मॅक पत्ता धारण करून कोणीही थेट घरच्या नेटवर्कमध्ये फ्रेम सोडू शकतो. पाहुण्यांच्या बाजूला कितीही कडक पासवर्ड ठेवला, तरी हा मागचा दरवाजा उघडाच राहतो. आपण नेटवर्कची सुरक्षा म्हणतो तेव्हा फोन आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्यातल्या पासवर्डचाच विचार करतो. दोन अ‍ॅक्सेस पॉइंटांमधला दुवा मात्र त्या दोघांमागच्या सर्वांची माहिती एकत्र वाहतो. त्याचे संरक्षण सर्वांत भक्कम असायला हवे, सर्वांत दुबळे नव्हे.

बर्लिनकर

घर आणि पाहुणे वेगळे काढण्याचा मुद्दा निर्णायक आहे. माझी हरकत मी मागे घेतो.

केतकीवन

तरंगवेध यांनी ‘दोन समानांमध्ये कोणी कोणाची पडताळणी करायची’ असा प्रश्न मांडला, त्याचे उत्तर पुढे फार सुंदर रीतीने मिळाले आहे, म्हणून लिहिते. जाळीच्या स्वरूपातल्या नेटवर्कसाठी, म्हणजे मेशसाठी, ८०२.११एस हे मानक २०११ मध्ये मंजूर झाले. मेशमधली सर्व उपकरणे समान दर्जाची असल्यामुळे त्यासाठी एसएई नावाची पद्धत वापरली गेली. तिच्यात दोघांपैकी कोणीही आधी बोलू शकतो, दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली तरी चालते, आणि पासवर्ड न सांगता दोघेही तो आपल्याला ठाऊक असल्याचे परस्परांना पटवून देतात. संवाद पकडून नेऊन नंतर घरी बसून पासवर्डांची यादी तपासत राहण्याचा मार्गही ती बंद करते. हीच पद्धत २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३ च्या रूपाने सर्वसामान्य वाय-फायमध्ये आली. अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांना जोडण्याच्या गरजेतून तयार झालेले संरक्षण आज आपल्या फोनपर्यंत पोहोचले आहे.

माळरान

बाजारात मिळणारा साधा रिपीटर लावला तर काय बिघडते? भिंतीत खोचायचा, राउटरवरचे डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडणारे) बटण दाबायचे, काम झाले. त्यात डब्ल्यूपीए-२ सुद्धा असते.

तरंगवेध

@माळरान, चालतो, आणि एकट्या घरासाठी कित्येकदा पुरतोही. तो राउटरकडे साधा ग्राहक म्हणून जातो, म्हणून त्याला डब्ल्यूपीए-२ मिळते. परंतु तीन पत्त्यांच्या फ्रेममध्ये ग्राहकाला केवळ स्वतःच्याच मॅक पत्त्याने माहिती पाठवता येते. त्यामुळे अनेक रिपीटर आपल्यामागच्या सर्व फोनांचे पत्ते बदलून स्वतःचा पत्ता लावतात. राउटरला खोल्यांमधले सर्व पाहुणे मिळून एकच उपकरण दिसते. कोणाला किती वेग द्यायचा, कोणाला अडवायचे, कोणत्या यंत्राला ठरलेला आयपी द्यायचा, हे सर्व मग घरून करता येत नाही. पाहुण्यांना इंटरनेट देणाऱ्याला ही अडचण पुढे जाणवतेच.

डब्ल्यूपीएस बटणाने जोडून झाल्यावर पिनची सोय आवर्जून बंद करावी. आठ अंकी पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासले जातात आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो. म्हणून प्रत्यक्षात ११,००० शक्यताच तपासाव्या लागतात. हे २०११ मध्येच उघड झाले आहे.

सुपारीबाग यांच्यासाठी माझी शिफारस चार पत्त्यांच्या ग्राहक पद्धतीची आहे. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्त प्रणालीत आणि अनेक नव्या बाह्य उपकरणांत ती उपलब्ध आहे. तिला तिथेही डब्ल्यूडीएसच म्हटले जाते, त्यामुळे गोंधळ होतो, पण काम वेगळे आहे. एका टोकाचे उपकरण अ‍ॅक्सेस पॉइंट होते, दुसऱ्या टोकाचे ग्राहक म्हणून रीतसर जोडणी मागते, त्यामुळे भूमिका ठरतात, डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ ची देवाणघेवाण पूर्ण होते, आणि त्यानंतर दोघे चार पत्त्यांच्या फ्रेम वापरतात. खोल्यांमधला प्रत्येक फोन राउटरला स्वतःच्या पत्त्यानिशी दिसतो आणि दुवाही सुरक्षित राहतो. आयपी पत्ते वाटण्याचे काम घरच्या राउटरकडेच ठेवावे, खोल्यांकडच्या उपकरणात ते बंद करावे. पुढे कधी बिनतारी दुव्याबरोबर केबलही जोडली गेली, तर माहिती चक्राकार फिरून सर्व नेटवर्क ठप्प होऊ शकते, म्हणून अशी चक्रे रोखणारी एसटीपी ही सोय चालू ठेवावी.

निरंजना

याला एक पुरवणी जोडते, कारण पाहुण्यांच्या निवासात ती फार महत्त्वाची आहे. डब्ल्यूपीए-२ मध्ये सर्वांचा पासवर्ड एकच असतो. तो ज्याला ठाऊक आहे आणि ज्याने दुसऱ्याची जोडणी होतानाचे चार संदेश पकडले आहेत, त्याला त्या दुसऱ्याच्या सत्राची किल्ली काढता येते. पाहुण्यांना तुम्ही पासवर्ड लिहून देणार, तो कागद भिंतीवरही लावणार. म्हणून दुव्याचे नाव आणि पासवर्ड पूर्ण वेगळे असावेत आणि ते पाहुण्यांना कधीही सांगू नयेत. दुव्याचा पासवर्ड कोणाला रोज टाइप करायचा नसतो. ६३ अक्षरांची मुभा आहे, तर लांबलचक आणि अर्थहीन असाच घ्यावा. उत्पादकाने दिलेले नेटवर्कचे नावही बदलावे, कारण किल्ली तयार करताना नावाचाही वापर होतो आणि प्रचलित नावांसाठी आधीच गणिते करून ठेवलेले तक्ते उपलब्ध आहेत. पाहुण्यांच्या फोनांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याची सोय दोन्ही इमारतींमध्ये तपासावी. एका अ‍ॅक्सेस पॉइंटवर ती चालू केली म्हणून दुसऱ्यावरच्या यंत्रांपासून संरक्षण मिळतेच, असे नाही.

पाटाकाठी

मी रत्नागिरी जिल्ह्यातच नेटवर्क जोडणीची कामे करतो. विजेबद्दल धागाकर्त्यांनी लिहिले आहे ते अगदी खरे आहे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते, आणि जवळपास वीज पडली की दोघांच्या जमिनीच्या विद्युतदाबात प्रचंड फरक पडतो. मध्ये तांब्याची केबल असेल, तर तो झटका तिच्यातून प्रवास करतो आणि दोन्ही टोकांची उपकरणे जळतात. म्हणून इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकण्याच्या मी विरोधात आहे.

परंतु फायबरचा विचार का करू नये? काच वीज वाहत नाही. धातूचे आवरण किंवा तार नसलेली फायबर केबल घ्यावी, जाड पाइपातून पाखाडीच्या (वाडीतल्या पायवाटेच्या) कडेने न्यावी, जिथे कोणी खणत नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि इथरनेट यांना जोडणारी उपकरणे) बसवले की काम झाले. टोके कंपनीतून बसवून आलेली तयार केबल मिळते, त्यामुळे जागेवर जोडकामाचे यंत्रही लागत नाही. असा दुवा पावसाने मंदावत नाही, झाडे वाढली म्हणून बंद पडत नाही, आणि त्यातले बोलणे हवेतून कोणाला ऐकू जात नाही. एन्क्रिप्शनचा सगळा पेच दुव्यापुरता संपतो. बिनतारी जोडणी ही जिथे खणता येत नाही तिथली सोय आहे. जिथे तार जाऊ शकते तिथे तारच न्यावी, असे माझे इतक्या वर्षांच्या कामातून झालेले स्पष्ट मत आहे.

नारळीपौर्णिमा

पाखाडीची कडा ही कल्पना उत्तम आहे. वाडीतल्या वाटा पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाहीत.

सुपारीबाग

सर्वांचा अतिशय ऋणी आहे. घरात चर्चा करून पुढीलप्रमाणे ठरवले आहे. जुन्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटांची डब्ल्यूडीएस जोडणी काढून टाकली. तूर्त खडकमाळ आणि तरंगवेध यांनी सुचवल्याप्रमाणे ५ गिगाहर्ट्झची दोन बाह्य उपकरणे चार पत्त्यांच्या पद्धतीने, डब्ल्यूपीए-२ आणि एईएससह, चॅनल १४९ वर लावली आहेत. उंची झावळ्यांच्या खाली ठेवली. कोरड्या हवेत सिग्नल उणे ५८ डीबीएमच्या आसपास मिळतो (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) आणि परवाच्या जोरदार सरीत तो उणे ६६ पर्यंत उतरला, तरीही दुवा तुटला नाही. दुव्याचे नाव, पासवर्ड वेगळे केले आहेत आणि पाहुण्यांचे नेटवर्क घरापासून निराळे काढले आहे. पावसाळा संपल्यावर पाखाडीच्या कडेने फायबर टाकायचे निश्चित केले आहे. तेव्हा हा बिनतारी दुवा राखीव म्हणून राहील.

जुने अ‍ॅक्सेस पॉइंट मात्र फेकलेले नाहीत. डब्ल्यूडीएस बंद केल्यावर त्यांत डब्ल्यूपीए-२ मिळते, म्हणून त्यांतला एक खोल्यांच्या बाजूला केबलने जोडून साधा अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून वापरतो आहे. आता एकच शंका उरली आहे. पंपघरातला कॅमेरा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि तो खोल्यांच्याही पलीकडे ४० मीटरवर आहे. त्याच्यासाठी दुसरा जुना अ‍ॅक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएसने जोडला, तर एका कॅमेऱ्यापुरते चालेल का?

तरंगवेध

कॅमेऱ्यापुरतेही नको. वेपचा तो एक दुवा फुटला, की कॅमेऱ्याच्या चित्रासह त्यामागचे नेटवर्कही उघडे पडते. दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएस बंद ठेवून, डब्ल्यूपीए-२ लावून, खोल्यांच्या पंपघराकडील बाहेरच्या भिंतीवर बसवावा आणि पहिल्यापर्यंत केबल न्यावी. ती एकाच इमारतीत राहते, त्यामुळे अर्थिंगचा प्रश्न येत नाही. मध्ये चिऱ्याची भिंत नसेल, तर ४० मीटर २.४ गिगाहर्ट्झला जड नाही. दोघांचे चॅनल १, ६ आणि ११ यांपैकी वेगवेगळे ठेवावेत आणि कॅमेऱ्यासाठी पाहुण्यांपासून अलग असे तिसरे नाव द्यावे.

पाटाकाठी

आणि फायबरसाठी चर खणाल तेव्हा पंपघरापर्यंतचा रिकामा पाइप त्याच वेळी टाकून घ्या. पुढे वाडी पुन्हा उकरावी लागणार नाही.